घरातील बुरशीची चाचणी: आकड्याच्या आधी ओल शोधावी

पर्वरी येथील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची सदनिका आहे. जुलैपासून आईच्या खोलीत कुबट वास येतो, कपाट पुढे ओढले तेव्हा मागच्या भिंतीवर काळपट डाग दिसले, आणि दम्याचा जुना त्रास असलेल्या 68 वर्षांच्या आईंचा खोकला वाढला आहे. एका कंपनीने घरी येऊन हवेची चाचणी केली. बैठकीच्या खोलीत घनमीटरमागे 813 आणि आईंच्या खोलीत 1131 सीएफयू (प्लेटवर उगवू शकणाऱ्या बुरशीच्या वसाहतींची संख्या) असा निकाल देऊन त्यांनी अहवालात ‘धोकादायक पातळी’ असा शेरा मारला आणि सोबत संपूर्ण घराच्या फॉगिंगच्या, म्हणजे रसायनाचा धूर सोडण्याच्या, खर्चाचा अंदाजही दिला. हा आकडा खरोखर धोकादायक आहे का, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून फेरचाचणी करून घ्यावी का, आणि हे डाग ‘विषारी काळ्या बुरशीचे’ असतील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. कपाटाच्या भिंतीपलीकडे भावाची खोली असून तिथे रात्रभर एसी चालतो, हे त्यांनी शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे.

ताई, मी गेली 22 वर्षे गोव्यात घरे, कार्यालये, दवाखाने आणि कागदपत्रांचे संग्रह यांच्या हवेचे व पृष्ठभागांचे नमुने तपासत आलो आहे. चाचणी करणे हा माझा व्यवसाय असूनही आपल्याला मी आत्ता हवेची फेरचाचणी करू नका असेच सांगेन. भिंतीवर डाग डोळ्यांना दिसत आहेत, वास नाकाला येत आहे. घरात बुरशी वाढते आहे हे त्यावरून सिद्धच झाले. आता उलगडायचे आहे ते हे की त्या भिंतीला पाणी कुठून मिळते. हवेतील बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बियांची, कितीही काटेकोर मोजणी केली तरी तिच्यातून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिकाही हीच आहे, की बुरशी उघड दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नसते.

आता आपल्या हातातील अहवाल पाहू. बुरशीच्या बीजाणूंसाठी निरोगी आणि धोकादायक यांच्यामध्ये रेघ ओढणारी, कायद्याने ठरवलेली मर्यादा आपल्याकडे घरांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत दमा व श्वसनाच्या तक्रारी वाढतात हे त्यांत स्पष्ट नोंदवले आहे, पण किती बीजाणूंना किती त्रास असे नाते आकड्यांत मांडता येत नाही म्हणून त्यांनी मर्यादा ठरवली नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही 2007 मध्ये असाच निष्कर्ष काढला. अनेक अहवालांत 500 हा आकडा ‘सुरक्षित मर्यादा’ म्हणून छापलेला असतो. तो थंड हवामानाच्या देशांतील जुन्या शिफारशींतून आलेला आहे. जुलै महिन्यात गोव्यात कोणत्याही स्वच्छ घराच्या अंगणात यंत्र ठेवले तरी तो सहज ओलांडला जातो, कारण कुजणारा पालापाचोळा, ओली माती, माडांच्या झावळ्या आणि शेते यांतून बीजाणू सतत उडत असतात आणि उघड्या खिडकीतून ते घरात येतातच.

म्हणूनच या क्षेत्रात बाहेरच्या हवेचा नमुना घेतल्याशिवाय घरातील नमुन्याला अर्थ नसतो. आपण पाठवलेल्या अहवालाच्या गोषवाऱ्यात बाहेरचा नमुना नाही. त्या दिवशी बाल्कनीत 2000 सीएफयू असते, तर आईंची खोली बाहेरच्यापेक्षा स्वच्छ ठरली असती. बाहेर 300 असते, तर घरातच उगम आहे असा तर्क करता आला असता. शिवाय केवळ एकूण संख्या पुरेशी नसते, कोणत्या जातकुळीच्या बुरश्या आहेत हेही पाहावे लागते. बाहेरच्या हवेत क्लॅडोस्पोरियम भरपूर असतो. बाहेर तो आणि घरात मात्र अॅस्परजिलस व पेनिसिलियम यांचे प्राबल्य, असे दिसले तर एकूण आकडा लहान असूनही मी सावध होतो. आपल्या अहवालात बुरश्यांची नावेच नाहीत.

813 आणि 1131 यांतील फरकाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तो पाहूनच आपण घाबरलेल्या दिसता. अहवालात यंत्राचा वेग मिनिटाला 28.3 लिटर आणि वेळ 2 मिनिटे दिली आहे, म्हणजे बुरशीचे खाद्य (माध्यम) घातलेल्या प्रत्येक प्लेटवर केवळ 56.6 लिटर हवा आदळली. घनमीटरमध्ये 1000 लिटर असतात, त्यामुळे प्लेटवर उगवलेली प्रत्येक वसाहत, म्हणजे बुरशीचा एकेक ठिपका, अहवालात सुमारे 17.7 होऊन येते. उलट हिशेब केला, तर बैठकीच्या खोलीत 46 आणि आईंच्या खोलीत 64 वसाहती मोजल्या गेल्या होत्या. एकाच खोलीत एकापाठोपाठ एक दोन प्लेट घेतल्या तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. कोणी चादर झटकली, पंखा लावला किंवा केर काढला तर तो कित्येक पटींनी वाढतो. एकेका प्लेटवरून एक खोली दुसरीपेक्षा दूषित ठरवणे मला पटत नाही. कंपनीकडून मूळ वसाहतींची संख्या, कोणते माध्यम वापरले, प्लेट किती तापमानाला किती दिवस ठेवल्या आणि यंत्राचा हवेचा वेग मोजून घेतला होता का, एवढे लेखी मागून पाहा. काही ठिकाणी रुग्णांच्या नमुन्यांसाठी नेमलेल्या 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्येच बुरशीच्या प्लेट ठेवल्या जातात, आणि घरात वाढणाऱ्या अनेक बुरश्या त्या तापमानाला नीट उगवतच नाहीत. त्यांना 25 अंशांच्या आसपास 5 ते 7 दिवस द्यावे लागतात.

यात हेतूंवर मी शंका घेत नाही, पण जो चाचणी करतो त्यानेच उपाय विकू नये हा नियम मी स्वतःसाठी पाळतो आणि आपणही तो धरून चालावे. फॉगिंगने बीजाणू मेले तरी ते भिंतीवर आणि हवेत राहतातच. मेलेल्या बीजाणूंमुळेही अॅलर्जी होते, आणि ओल कायम असेल तर काही आठवड्यांत त्याच जागी नवी वाढ येते. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत रसायनाचा धूर सोडण्याची कल्पना मला या कारणासाठीही नको वाटते.

‘विषारी काळी बुरशी’ या शब्दांनी मनात बसलेली भीती दूर करणे मला आवश्यक वाटते. 2021 च्या करोना लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराला सगळीकडे ‘काळी बुरशी’ म्हटले गेले, आणि तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की लोक त्या आजाराचे नाव घेतात. त्या आजारात रुग्णाच्या मृत झालेल्या पेशी काळ्या पडतात, म्हणून ते नाव पडले. तो निर्माण करणाऱ्या बुरश्यांचा आपल्या भिंतीवरील डागाच्या रंगाशी काहीही संबंध नाही. इंटरनेटवर जिच्याबद्दल वाचायला मिळते ती स्टॅकिबोट्रिस ही वेगळी बुरशी आहे. तिला कागद, जिप्सम बोर्डावरचा पुठ्ठा, गवताचे पेंढे असे पदार्थ लागतात आणि ते दीर्घकाळ चिंब ओले असावे लागतात. रंग दिलेल्या सिमेंटच्या गिलाव्यावर कपाटामागे येणारे काळे-हिरवे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा अॅस्परजिलसचे असतात. तरीही नक्की जाणून घ्यायचे असेल, तर पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून काचपट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. पण उत्तर काहीही आले तरी करायची कृती तीच राहते, म्हणून तिच्यासाठीही मी आग्रह धरणार नाही.

आता भावाच्या एसीकडे वळतो. आईंच्या खोलीत एसी नाही असे मी गृहीत धरतो. तसे नसेल तर पुढचे विवेचन बदलेल. जुलैमध्ये अशा खोलीत 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता सहज असते. पलीकडची खोली रात्रभर 22 अंशांवर ठेवली, तर मधली भिंत दोन्ही बाजूंनी थंड होत जाते आणि आईंच्या बाजूचा तिचा पृष्ठभाग 27 अंशांपर्यंत उतरू शकतो. तीच हवा 27 अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिथली आर्द्रता 95 टक्क्यांवर पोचते, आणि पृष्ठभाग 26 अंशांपर्यंत उतरला तर प्रत्यक्ष दव पडते. बुरशी उगवायला पृष्ठभागाजवळ 80 टक्क्यांहून अधिक आर्द्रता काही दिवस टिकली तरी पुरते. त्यातच भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामुळे तिथे वारा फिरत नाही आणि दिवसाची ऊबही पोचत नाही. भिंतीला ना गळती, ना तडा, तरीही कपाटाच्या नेमक्या आकाराचा बुरशीचा डाग उठतो. गोव्यात घरोघरी एसी आल्यापासून पावसाळ्यात मला हा प्रकार इतक्या वेळा दिसला आहे की डागाची जागा ऐकल्यावर पहिला विचार तोच येतो.

पण तो अंदाजच आहे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, भिंतीत दडलेली नळाची वाहिनी, एसीच्या पाण्याची तुंबलेली नळी, खिडकीच्या चौकटीखालची भेग, बाहेरच्या भिंतीवर आपटणारा नैर्ऋत्येचा पाऊस, यांपैकी काहीही कारण असू शकते. हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारी यंत्रे, आणा. ते काही शे रुपयांत मिळतात. ते खरे सांगतात का हे आधी तपासा. वाटीत मीठ घेऊन ते ओलसर होईल एवढेच पाणी घाला, वाटी आणि यंत्र झाकणबंद डब्यात 12 तास ठेवा. डब्यातील आर्द्रता 75 टक्के होते. यंत्राने 71 दाखवले तर पुढच्या प्रत्येक वाचनात 4 मिळवायचे. मग एक यंत्र खोलीच्या मध्यभागी आणि दुसरे कपाटामागे ठेवून सात दिवस सकाळी उठल्यावर, दुपारी आणि निजण्यापूर्वी वाचने वहीत लिहा. त्यांतले शेवटचे तीन दिवस भावाला एसी बंद ठेवायला किंवा 26 अंशांवर लावायला सांगा. कपाटामागची आर्द्रता मध्यभागापेक्षा बरीच अधिक असेल आणि एसीबरोबर ती खाली-वर होत असेल, तर दव हेच कारण धरायला हरकत नाही.

त्याच सुमारास डागाशेजारच्या स्वच्छ भागावर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूने, म्हणजे प्लास्टिकच्या वर दिसले, तर ओल हवेतून येते आहे. प्लास्टिकखाली, भिंतीच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. दुसऱ्या स्थितीत वरच्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या न्हाणीघराची मोरी बंद करावी, जमिनीवर रंग मिसळलेले पाणी दिवसभर साठवावे आणि आपल्या छताकडे व भिंतीकडे लक्ष ठेवावे. नळकाम करणारा अनुभवी माणूस ही तपासणी जाणतो.

भिंतीतील ओल मोजणारा मॉइश्चर मीटर घेऊन कोणी आला, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही यंत्रे भिंतीतील विजेचे वहन मोजतात आणि क्षार असले तरी वहन वाढते. किनाऱ्याजवळच्या इमारतींत व जुन्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतींत क्षार असतात, त्यामुळे कोरडी भिंतही ओली ‘दिसते’. मी एकाच वाचनावर कधी विसंबत नाही. जमिनीपासून वर आणि डागापासून दूर अशी वाचनांची जाळी घेतो आणि ओल कोणत्या दिशेने वाढते ते पाहतो. पांढरी भुरी दिसली तर ती बुरशीच असेल असेही नाही. पाण्याचा फवारा मारल्यावर विरघळून गेली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, आहे.

हा क्रम मी अनुभवातून शिकलो, आणि तो अनुभव सुखद नव्हता. सुरुवातीच्या काळात बार्देशातील एका जुन्या, राजांगण (घराच्या मधोमध उघडे अंगण) असलेल्या घरात मला बोलावले होते. घरातील एका मुलीला सतत शिंका आणि खोकला येत असे. मी दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना, आतले आणि बाहेरचे नमुने घेतले. आकडे सारखेच आले, बुरश्याही त्याच, आणि मी ‘घरात उगम आढळला नाही’ असे लिहून दिले. तीन महिन्यांनी सुताराने त्या खोलीतील प्लायवूडचे अस्तर काढले, तेव्हा मागची चिऱ्याची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळवंडलेली होती. पूर्वी त्या भिंतीला चुन्याचा गिलावा होता आणि ओल त्यातून बाहेर पडून सुकत असे. नंतर तिच्यावर ऑइल पेंट लावला गेला आणि त्यावर प्लायवूड बसले, त्यामुळे चिऱ्यात शिरलेले पाणी आतच कोंडले. माझ्या नमुन्यांत काही चूक नव्हती. ते चुकीच्या वेळी, चुकीच्या प्रश्नासाठी घेतले होते, आणि त्या मुलीने तीन महिने अधिक त्रास काढला. तेव्हापासून मी नमुन्यांची पेटी गाडीतच ठेवतो आणि आधी तासभर घर पाहतो, फर्निचर हलवतो, नाकाने वास घेतो.

म्हणजे हवेची चाचणी कधीच करू नये असे नाही. वास येतो पण डाग कुठेच सापडत नाही आणि फॉल्स सीलिंग किंवा अस्तर फोडायचे की नाही हे ठरवायचे आहे, अशा वेळी मी ती करतो. काम पूर्ण झाल्यावर जागा खरोखर साफ झाली का हे पाहण्यासाठी करतो. बांधकाम व्यावसायिकाशी वाद असून लेखी पुरावा लागणार असेल, किंवा घरात केमोथेरपी चालू असलेला अथवा अवयवरोपण झालेला रुग्ण असेल आणि त्याच्या डॉक्टरांनी विचारले असेल, तर ती करायलाच हवी. शस्त्रक्रियागृहांचे नियम निराळे आहेत, त्यांचा घराशी ताळा घालू नये.

अशा चाचणीची वेळ आपल्यावर आली, तर प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली आहे का आणि ती मान्यता नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हे दोन्ही विचारा. आदल्या रात्रीपासून दारे-खिडक्या बंद असाव्यात, केर काढलेला नसावा, एसी नेहमीसारखा वापरात असावा. एकाच वेळी तक्रारीची खोली, तक्रार नसलेली खोली आणि बाहेर, प्रत्येक ठिकाणी निदान दोन प्लेट, आणि एक न उघडलेली प्लेट तुलनेसाठी, एवढे तरी घेतलेच पाहिजे. पाऊस ऐन कोसळत असताना किंवा नुकताच थांबला असताना बाहेरचा नमुना घेऊ नये, कारण त्या वेळी बाहेरचे आकडे झपाट्याने बदलतात. कमी पाण्यावर जगणाऱ्या बुरश्यांसाठी डीजी 18 हे माध्यम वेगळे वापरावे. कपडे, पुस्तके, चामडे यांवर वाढणाऱ्या अनेक बुरश्या नेहमीच्या माध्यमावर दिसतच नाहीत. नमुने गोव्याबाहेर कुरिअरने जाणार असतील, तर वाटेत तापणाऱ्या प्लेटपेक्षा चिकट पट्टीवर बीजाणू पकडणारी कॅसेट बरी, कारण तिच्यात मेलेले-जिवंत सगळेच मोजले जातात. ऑनलाइन मिळणाऱ्या, तासभर उघडी ठेवायची प्लेट असलेल्या किटवर मात्र पैसे घालवू नयेत. तिच्यात जड बीजाणू आपोआप पडतात, अॅस्परजिलसचे बारीक बीजाणू हवेतच तरंगत राहतात, आणि पावसाळ्यात गोव्यात उघडलेल्या प्लेटवर काही ना काही उगवतेच.

आईंच्या खोकल्याबद्दल मी मत देणार नाही, तो छातीच्या डॉक्टरांचा विषय आहे. त्यांना भिंतीवरील डागाचे छायाचित्र दाखवा, खोकला कोणत्या महिन्यात आणि रात्री किती वाढतो ते सांगा. अॅस्परजिलसची अॅलर्जी आहे का हे रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीतून कळते. उपचार ठरवताना डॉक्टरांना हवेतील 1131 या आकड्याचा उपयोग होत नाही.

तोवर आपण हे करावे. कपाट भिंतीपासून निदान चार बोटे दूर सरकवा आणि पाठ उघडी ठेवा. नोंदींचे पहिले चार दिवस झाले की भावाचा एसी 26 अंशांवर आणा. डाग हातभर जागेत असतील, तर कोणीतरी निरोगी व्यक्तीने एन 95 मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावेत. कोरडे खरवडू नये आणि ब्लीच कोणत्याही अॅसिडमध्ये मिसळू नये. डाग चौरस मीटरहून मोठ्या जागेत पसरले असतील, तर माणसे लावून काम करून घ्यावे. पुसण्याचे काम चालू असताना आणि भिंत सुकेपर्यंत आईंना दुसऱ्या खोलीत झोपवावे, शक्यतो ज्या खोलीच्या भिंतीपलीकडे एसी नाही तिथे. सात दिवसांच्या नोंदी आणि प्लास्टिकखालचा निकाल हातात आला की ते मला कळवा. दव की गळती हे ठरले, की भिंतीचे काम कोणाकडून आणि कसे करून घ्यायचे ते त्या आधारे सांगता येईल.